यजमानपदाआधी पात्रता

‘जगात जर्मनी, देशात परभणी’ ही उक्ती मराठवाड्यात लहानथोरांच्या तोंडी आहे. तिचा उगम कोणी कसाही सांगो, परभणीकर ती निम्म्या थट्टेने आणि निम्म्या अभिमानाने उच्चारतात. बास्केटबॉलच्या क्षेत्रात या उक्तीचा पूर्वार्ध अलीकडे अक्षरशः खरा ठरला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये मनिला येथे सर्बियाला नमवून जर्मनीने पुरुषांचे विश्वविजेतेपद मिळविले आणि १४ सप्टेंबर २०२५ रोजी रिगा येथे तुर्कस्तानचा पराभव करून युरोपचे अजिंक्यपदही आपल्या नावावर केले. फुटबॉलच्या वेडासाठी प्रसिद्ध असलेल्या या देशाने दुसऱ्याच एका खेळात ही दोन्ही शिखरे एकापाठोपाठ सर केली. उक्तीच्या उत्तरार्धाचे काय, हा प्रश्न मात्र परभणीने आणि परभणीच्या निमित्ताने आपण सर्वांनीच स्वतःला विचारायला हवा.

या प्रश्नाला आजचे निमित्तही आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सौदी अरेबियातील जेद्दा येथे पुरुषांची आशिया चषक स्पर्धा झाली. भारतीय संघ तेथे पोहोचला तो सहजासहजी नव्हे. चोवीस देशांच्या पात्रता फेरीत आपला संघ आपल्या गटात तिसरा आला आणि मार्च २०२५ मध्ये मनामा येथे बहारीन व इराक या दोन्ही संघांना हरवून त्याने शेवटच्या संधीतून प्रवेश मिळविला. मुख्य स्पर्धेत पहिल्याच सामन्यात त्याने जॉर्डनला अतिरिक्त वेळेपर्यंत झुंजविले. पण तो सामना हातचा गेला, चीनकडून ६९-१०० असा पराभव झाला आणि यजमान सौदी अरेबियानेही आपल्याला हरविले. एकही विजय न मिळविता संघ परतला. त्यानंतर चार महिने उलटले नाहीत तोच, नोव्हेंबर २०२५ मध्ये २०३० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांचे यजमानपद अहमदाबादला मिळाले. २०३६ च्या ऑलिम्पिकसाठीही भारताने आपली इच्छा अधिकृतपणे नोंदविली आहे. जगाला आपल्या अंगणात बोलावण्याची तयारी एकीकडे, आणि त्या अंगणात उतरण्याच्या योग्यतेचा प्रश्न दुसरीकडे, अशी ही स्थिती आहे. यजमानपद आणि पात्रता या दोन गोष्टींचे नाते नेमके काय असते, याचा विचार म्हणूनच आवश्यक ठरतो.

युरोपच्या अजिंक्यपद स्पर्धेचा आरंभकाळ या दृष्टीने उद्बोधक आहे. पहिली स्पर्धा १९३५ साली जिनिव्हात झाली. अंतिम सामन्यात लाटव्हियाने स्पेनला २४-१८ असे हरविले. विजेत्याने पुढच्या स्पर्धेचे यजमान व्हावे, अशी त्या काळची रीत. त्यामुळे १९३७ ची स्पर्धा लाटव्हियाच्या राजधानीत, रिगा येथे भरली. तेथे शेजारच्या लिथुआनियाने बाजी मारली, म्हणून १९३९ ची स्पर्धा लिथुआनियातील काउनास शहरी झाली. त्या स्पर्धेसाठी काउनासवासीयांनी खास बास्केटबॉलचे क्रीडागृह उभारले आणि आपल्याच लोकांसमोर विजेतेपद राखले. अमेरिकेत वाढलेल्या लिथुआनियन वंशाच्या तरुणांनी मायभूमीत येऊन हा खेळ शिकविला होता आणि त्यांच्यापैकी काही जण स्वतः संघातून खेळलेही होते. पराक्रम आधी झाला आणि त्या पराक्रमाने यजमानपद घरी आणले, असा हा क्रम होता. क्रीडागृह शेवटी बांधले गेले. खेळणारे हात त्यापूर्वीच तयार झालेले होते.

पुढे या दोन्ही देशांचे स्वातंत्र्य गेले. पन्नास वर्षे ते सोव्हिएत संघराज्यात गिळंकृत होऊन राहिले. त्या काळातही रिगाच्या संघाने १९५८, १९५९ आणि १९६० अशी लागोपाठ तीन वर्षे युरोपातील क्लब संघांचे अजिंक्यपद पटकाविले. स्वतंत्र झालेल्या लिथुआनियाने १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये माजी सोव्हिएत प्रजासत्ताकांच्या संयुक्त संघाला हरवून कांस्यपदक जिंकले, तेव्हा त्या पदकाचे मोल धातूच्या वजनात मोजता येण्यासारखे नव्हते. छोट्या राष्ट्राच्या अस्मितेला खेळ कसा आधार देतो, याचे ते उदाहरण होते.

येथे परभणीचा आणखी एक धागा जुळतो. २०११ च्या जनगणनेनुसार परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार आहे. संपूर्ण लाटव्हिया देशाची लोकसंख्या आज साधारण तेवढीच आहे. त्या देशाने २०२३ मध्ये प्रथमच विश्वचषक खेळताना फ्रान्स आणि स्पेन या बलाढ्य संघांना धूळ चारून पाचवे स्थान मिळविले. तीन खेळाडूंच्या छोट्या बास्केटबॉलमध्ये टोकियो ऑलिम्पिकचे पुरुषांचे सुवर्णपदकही त्यांचेच. २०१७ साली युरोपचा विजेता ठरलेला स्लोव्हेनिया लोकसंख्येने परभणीहून थोडासाच मोठा आहे. संपन्नता, हवामान, आहार, शाळांची स्थिती यांत परभणी आणि लाटव्हिया यांची तुलना होऊ शकत नाही, हे उघड आहे. पण ‘आमच्याकडे माणसेच नाहीत’ ही सबब या आकड्यांपुढे टिकत नाही. माणसे आहेत. त्यांच्यातील उंच, चपळ, चिवट मुले नेमकी कोणती, हे शोधण्याची आणि सापडल्यावर सांभाळण्याची व्यवस्था आपल्याकडे नाही.

जर्मनीची कथा तर अधिक बोलकी आहे, कारण तीत चढ आहे तसा उतारही आहे. १९९३ साली जर्मनीने युरोपीय स्पर्धेचे यजमानपद भूषविले आणि म्युनिकमध्ये रशियाला अवघ्या एका गुणाने हरवून विजेतेपदही जिंकले. यजमान आणि विजेता, दोन्ही मान एकाच वेळी! त्यानंतर मात्र दुसरे युरोपीय विजेतेपद मिळायला बत्तीस वर्षे लागली. मधल्या काळात डर्क नोवित्स्कीसारखा असामान्य खेळाडू त्या देशाला लाभला, पण एका खेळाडूच्या खांद्यावर राष्ट्राचा खेळ किती काळ उभा राहणार? २०१३ च्या युरोपीय स्पर्धेत जर्मनी प्राथमिक गटातच गारद झाला आणि पुढच्या वर्षीच्या विश्वचषकात त्याला स्थान मिळाले नाही. तथापि, याच काळात तेथे एक दुसरे काम शांतपणे चालू होते. २००६ मध्ये एकोणीस वर्षांखालील आणि २००९ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांसाठी राष्ट्रीय पातळीवरील साखळी स्पर्धा सुरू झाल्या. २०१२ च्या हंगामापासून व्यावसायिक साखळीतील प्रत्येक संघाच्या बारा जणांत किमान सहा जर्मन खेळाडू असलेच पाहिजेत, असा नियम झाला. परदेशी खेळाडू विकत घेऊन सामने जिंकणे सोपे असते. घरच्या मुलांना मैदानावर वेळ मिळवून देण्यासाठी मात्र नियमच करावा लागतो. या पेरणीचे पीक २०२२ पासून घरी येऊ लागले. त्या वर्षी बर्लिनमध्ये घरच्या प्रेक्षकांसमोर कांस्य, २०२३ मध्ये विश्वविजेतेपद, २०२५ मध्ये युरोपचे अजिंक्यपद. म्हणजे मुलांच्या साखळीपासून जगज्जेतेपदापर्यंत सतरा वर्षे लागली. सतरा वर्षांत आपल्याकडे किती सरकारे, किती अधिकारी आणि किती योजनांची नावे बदलतात, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

पात्रतेविना यजमानपद मिळाले तर काय घडते, याचीही ताजी उदाहरणे आहेत. २०२३ च्या विश्वचषकाचे यजमानपद फिलिपाइन्स, जपान आणि इंडोनेशिया या तिघांना मिळून देण्यात आले होते. पहिल्या दोघांना थेट प्रवेश मिळाला. इंडोनेशियासमोर मात्र आंतरराष्ट्रीय महासंघाने एक अट ठेवली: २०२२ च्या आशिया चषकात पहिल्या आठांत यावे. त्या चषकाचे यजमानपदही जकार्ताकडेच होते. घरचे मैदान होते, घरचे प्रेक्षक होते, तरीही उपान्त्यपूर्व फेरीच्या उंबरठ्यावर चीनकडून मोठा पराभव झाला आणि दार बंद झाले. परिणामी पुढच्या वर्षी जकार्तात विश्वचषकाचे सामने रंगले, पण यजमान देशाचा संघ त्यांत नव्हता. स्वतःच्या घरातील मंगलकार्यात वाढप्याची भूमिका करावी, तशी ही अवस्था. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्येही बास्केटबॉलपुरता ब्रिटनचा प्रवेश गृहीत धरलेला नव्हता. आपला संघ या पातळीवर खेळू शकतो हे ब्रिटनला आधी दाखवावे लागले. मार्च २०११ मध्ये महासंघाने त्याला मान्यता दिली ती त्यानंतर. २०२५ च्या युरोपीय स्पर्धेतील चार यजमानांपैकी सायप्रस प्रथमच खेळला आणि आपले सर्व सामने हरला. दुसरा यजमान फिनलंड मात्र उपान्त्य फेरीपर्यंत पोहोचला. दोघांनाही प्रवेश यजमान म्हणूनच होता. फरक पडला तो पूर्वतयारीत.

२०३६ चे स्वप्न पाहणाऱ्यांनी इंडोनेशिया आणि ब्रिटन ही दोन उदाहरणे भिंतीवर लिहून ठेवावीत. ऑलिम्पिक भारतात झाले तरी बास्केटबॉलच्या बारा संघांत भारताचे नाव आपोआप लिहिले जाईल, या भ्रमात कोणी राहू नये.

आपला स्वतःचा इतिहास काय सांगतो? १९७५ साली बँकॉकला झालेल्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत भारत चौथा आला होता. आजवरची ती आपली सर्वोत्तम कामगिरी. १९८० साली मॉस्को ऑलिम्पिकवर अनेक देशांनी बहिष्कार टाकल्यामुळे रिकाम्या झालेल्या जागी भारताला बोलावणे आले. तेथे सर्व सामने आपण गमावले आणि ऑलिम्पिकमधील आपली ती एकमेव उपस्थिती ठरली. १९८१ मध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धा कोलकात्यात झाली. यजमान आपण होतो, विजेता चीन. पुढच्याच वर्षी दिल्लीत आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या आणि इंदिरा गांधी क्रीडागृहासारखी भव्य वास्तू उभी राहिली. वास्तू आजही उभी आहे. पण आशियाई अजिंक्यपदाच्या पदकतालिकेत भारताचे नाव अद्याप लागलेले नाही.

क्षणिक चमक मात्र अधूनमधून दिसली. जुलै २०१४ मध्ये वुहान येथे, चीनच्याच भूमीवर, भारताने चीनला ६५-५८ असे हरविले. २०१५ मध्ये आपण आशियाई स्पर्धेच्या उपान्त्यपूर्व फेरीत पोहोचलो. त्याच वर्षी पंजाबमधील बल्लो के या लहानशा खेड्यातला सतनामसिंग भामरा अमेरिकेतील एनबीए संघाने निवडलेला भारतात जन्मलेला पहिला खेळाडू ठरला. देशभर त्याचे कौतुक झाले. पण एनबीएतील एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही आणि २०१७, २०२२ व २०२५ या तिन्ही आशिया चषकांत भारताला एकही विजय मिळाला नाही. एका विजयाने किंवा एका खेळाडूने परंपरा निर्माण होत नसते. त्या विजयामागून येणारी दुसरी आणि तिसरी फळी कोठे आहे, हे पाहावे लागते.

यजमानपद निरर्थक आहे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. २०१७ साली महिलांच्या आशिया चषकाची ‘ब’ विभागाची स्पर्धा बंगळुरूला झाली. त्या स्पर्धेत भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात कझाकस्तानला हरवून ‘अ’ विभागात झेप घेतली. पुण्याची शिरीन लिमये त्या संघात होती. घरच्या प्रेक्षकांचा पाठिंबा तयारीच्या संघाला किती बळ देतो, याचा तो प्रत्यय होता. पण २०१९ मध्ये बंगळुरूतच स्पर्धा होऊनही संघ तळाशी राहिला आणि २०२१ च्या अम्मान स्पर्धेनंतर पुन्हा ‘ब’ विभागात उतरला. याउलट जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत भरलेल्या खो-खोच्या पहिल्या विश्वचषकात भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ जिंकले. प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे हे दोघेही कर्णधार महाराष्ट्राचे. त्यांपैकी प्रियंकाचे मूळ गाव परभणीला लागून असलेल्या बीड जिल्ह्यातले. खो-खोत यजमानपद आणि विजय हातात हात घालून आले, कारण तो खेळ शाळाशाळांच्या मैदानांत रुजलेला आहे. त्याची मुळे दिल्लीच्या क्रीडागृहात नाहीत, ती गावोगावच्या मातीत आहेत.

येथे एक आक्षेप येईल आणि तो आपल्याच घरातून येईल. बास्केटबॉल हा परदेशी खेळ, तो १८९१ साली अमेरिकेतील ख्रिस्ती युवक संघटनेच्या शाळेत जन्मला. आपल्या कबड्डी-खो-खोला सोडून त्याच्यामागे का लागावे? आक्षेप अनाठायी नाही, पण अपुरा आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे जाऊन भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली होती. त्याच बर्लिनमध्ये त्याच वर्षी बास्केटबॉलला ऑलिम्पिकच्या पदकांच्या खेळांत प्रथम स्थान मिळाले. उघड्यावरच्या मातीच्या मैदानात, भर पावसात, चिखलात अंतिम सामना झाला आणि अमेरिकेने कॅनडाला १९-८ असे हरविले. आपले खेळ जगाला दाखविणे आणि जगाचे खेळ आपलेसे करणे, या दोन्ही गोष्टी एकाच आत्मविश्वासातून येतात. हॉकी आणि क्रिकेट आपण असेच आपलेसे केले. लाटव्हिया-लिथुआनियानेही हा खेळ परक्यांकडूनच घेतला आणि त्याला आपल्या राष्ट्रीय बाण्याचे रूप दिले. शिवाय बर्लिनच्या त्या चिखलाची आठवण ठेवली, तर लाकडी जमिनीचे वातानुकूलित क्रीडागृह नसल्याची तक्रारही जरा सौम्य होईल.

महाराष्ट्रात हा खेळ रुजल्याचे ठळक उदाहरण मुंबईतील नागपाड्याचे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकी मिशनऱ्याने तेथे नेबरहूड हाउस सुरू केले. दाटीवाटीच्या वस्तीतील मुलांना संध्याकाळी खेळायला एक जागा मिळाली. पुढे संस्थेचा उगम मागे पडला आणि खेळ त्या वस्तीचाच झाला. थोरल्यांनी धाकट्यांना शिकवावे, धाकट्यांनी थोरल्यांना हरविण्याची ईर्षा धरावी, असे पिढ्यान्‌पिढ्या चालले. भारताचे कर्णधारपद भूषविणारे आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळविणारे अब्बास मुंतसिर हे याच नागपाड्याचे. शेजारच्या छत्तीसगढमध्ये भिलाईला प्रशिक्षक राजेश पटेल यांनी पोलाद कारखान्याच्या आधाराने मुलींचे संघ घडविले. २०१८ साली त्यांचे निधन झाले, पण त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलींनी त्या छोट्या राज्याला राष्ट्रीय स्पर्धांत मानाचे स्थान मिळवून दिले होते. राजनांदगावसारखे जिल्ह्याचे गावही याच खेळासाठी ओळखले जाऊ लागले. लुधियानाच्या अकादमीत शंकरन सुब्रमण्यम या दक्षिण भारतीय प्रशिक्षकाने पंजाबची शेतकऱ्यांची मुले हाताशी धरली आणि त्यांतून देशाला राष्ट्रीय खेळाडू मिळाले. या तिन्ही ठिकाणी समान काय आहे? रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी उघडे असणारे मैदान आणि वर्षानुवर्षे त्याच मैदानावर उभा राहणारा माणूस. निधी, इमारती, प्रसिद्धी या गोष्टी त्यानंतर आल्या.

आता परभणीकडे पाहू. जिल्ह्यात परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, पालम, सेलू, जिंतूर आणि पूर्णा असे नऊ तालुके आहेत. जिल्हा स्टेडियम आहे, कृषी विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर आहे, परभणी आणि पूर्णा ही रेल्वेची जंक्शने आहेत. राष्ट्रीय बास्केटबॉलमध्ये रेल्वे आणि सेनादल हे नेहमीच अग्रभागी राहिले आहेत आणि खेळाच्या जोरावर तेथे नोकरी मिळते, ही गोष्ट परभणीच्या पालकांना समजावून सांगण्यासारखी आहे. राज्य शासनाच्या नोकऱ्यांतही खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी दरवर्षी होतात. सांगाडा आहे. त्यात प्राण किती, हाच खरा प्रश्न.

जिल्हा पातळीवरील शालेय स्पर्धा बहुतेक ठिकाणी एक-दोन दिवसांत उरकली जाते. पहिला सामना हरलेला संघ त्याच दुपारी एसटीने घरी परततो. वर्षभरात त्या मुलाच्या वाट्याला आलेला स्पर्धात्मक खेळ एवढाच! दहावी-बारावीला मिळणाऱ्या सवलतीच्या गुणांमुळे संघांची संख्या वाढली, हे खरे, पण प्रमाणपत्र हाती पडताच अनेक घरांत खेळाचे साहित्य माळ्यावर जाते. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक पट असलेल्या शाळांना शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद केली. त्याहून लहान शाळांनी काय करावे, याचे उत्तर त्या तरतुदीत नाही. मराठवाड्यातील उन्हाळा सर्वांना ठाऊक आहे. मे महिन्यात परभणीचा पारा चव्वेचाळीस अंशांपुढे जातो, तेव्हा सिमेंटच्या उघड्या मैदानावर दुपारी उभे राहणेही अशक्य होते. ज्या सुट्टीत मुलांना सर्वाधिक मोकळा वेळ असतो, त्याच सुट्टीत मैदान तापलेले असते. छप्पर आणि सायंकाळचे दिवे ही परभणीत चैन नव्हे, ती प्राथमिक गरज आहे.

काय करता येईल? पहिली गोष्ट, स्पर्धेऐवजी साखळी. नऊ तालुक्यांतून नऊ संघ आणि दिवाळीनंतर होळीपर्यंत दर रविवारी सामने. प्रत्येक संघाला प्रत्येकाशी एकदा घरी आणि एकदा बाहेर खेळायला मिळाले, तर एका मुलाच्या वाट्याला हंगामात सोळा सामने येतात. आशिया चषकाची पात्रता फेरी नेमकी याच पद्धतीने होते. आपल्या गटातील तिघांशी प्रत्येक देश एकदा आपल्या घरी आणि एकदा त्यांच्या घरी खेळतो. अशा पद्धतीत पात्रता मिळविता मिळविता यजमानपदाचेही शिक्षण मिळते. सेलूच्या शाळेने पाथरीच्या संघाला बोलवावे, मैदान आखावे, गुणलेखक आणि पंच तयार करावेत, पाहुण्या मुलांना गावातील घराघरांत जेवायला न्यावे. राष्ट्राच्या यजमानपदाची ही पहिली इयत्ता आहे.

दुसरी गोष्ट, मैदान. २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद जागा बहुतेक माध्यमिक शाळांत मिळू शकते. मोठ्यांसाठी कडे ३.०५ मीटर उंचीवर असते, पण लहान मुलांसाठी ते २.६० मीटरवर लावण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. पाचवीच्या मुलाला चेंडू कड्यातून जाताना पाहण्याचा आनंद मिळाला, तर तो दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. एवढा साधा बदल करायला कोणत्याही शासकीय आदेशाची वाट पाहण्याची गरज नाही.

तिसरी आणि सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे माणूस. निवृत्त सैनिक, विद्यापीठाच्या संघातून एकेकाळी खेळलेला बँक कर्मचारी, उत्साही शारीरिक शिक्षक यांच्यापैकी कोणीतरी रोज दीड तास देणारा हवा. त्याला शास्त्रशुद्ध प्रशिक्षण आणि योग्य मानधन मिळवून देणे ही शासनाची आणि जिल्हा संघटनेची जबाबदारी आहे. ती पार पडते की नाही, यावर समाजाने लक्ष ठेवले पाहिजे. २०१५ साली राष्ट्रीय महासंघातच दोन गट पडून खेळाडूंची झालेली ओढाताण देशाने पाहिली आहे. जिल्हा पातळीवरही खुर्चीसाठी भांडणारे अनेक आणि मैदानावर थांबणारे थोडे, अशी स्थिती दिसते. आपल्या कार्यकर्त्यांना रोज ठरलेल्या वेळी मैदानावर जाण्याची शिस्त नवी नाही. त्या शिस्तीतला थोडा वाटा या कामाला मिळाला, तर त्यात सर्व जातींची आणि सर्व वस्त्यांची मुले एका चेंडूमागे धावतील. बास्केटबॉलमध्ये एकट्याने गोल करण्याच्या नादात जवळच्या मोकळ्या सहकाऱ्याकडे दुर्लक्ष करणारा खेळाडू संघाला बुडवितो. संघभावनेचा हा धडा भाषणांतून द्यावा लागत नाही.

आणि मुलींचे काय, हेही विचारले पाहिजे. संध्याकाळी सातनंतर मुलगी मैदानावर थांबली तर घरी सोडायला कोण, या एका प्रश्नापाशी कित्येक गुणी खेळाडू थांबतात. मैदानावर दिवे आणि सोबतीला शिक्षिका असेल, तर हा प्रश्न सुटतो. खो-खोत मराठवाड्याच्या मुलीने देशाचे नेतृत्व केले, ते कोणातरी घराने तिला थांबू दिले म्हणूनच.

शासनाकडेही एक रास्त मागणी करता येईल. आशिया चषक पात्रता फेरीचे भारतातील सामने नोव्हेंबर २०२४ मध्ये चेन्नईत झाले. पुढील फेऱ्यांतील एखादा सामना महाराष्ट्राने बालेवाडीसाठी मागून घ्यावा आणि त्या दिवशी परभणी, हिंगोली, नंदुरबार, गडचिरोली अशा जिल्ह्यांतील शालेय संघांना शासनाच्या खर्चाने प्रेक्षागृहात बसवावे. मान्यवरांच्या पासेसमध्ये जागा संपू नयेत, एवढे पथ्य पाळले तरी पुरे. ज्या मुलाने राष्ट्रीय संघ प्रत्यक्ष खेळताना पाहिला, त्याच्या मनातले उद्दिष्ट बदलते. यजमानपदाचा याहून चांगला उपयोग दुसरा नाही.

२०३६ साली पंचवीस वर्षांचा असणारा खेळाडू आज चौदा-पंधरा वर्षांचा आहे. तो आठवी-नववीत शिकत असेल. कदाचित जिंतूरच्या एखाद्या शाळेत मागच्या बाकावर बसत असेल, कारण उंचीमुळे पुढे बसला तर इतरांना फळा दिसत नाही. त्याच्या हातात आजवर कोणी चेंडू दिलेला नसेल, तर अहमदाबादच्या क्रीडानगरीचा आराखडा कितीही भव्य झाला, तरी त्या संघात त्याची जागा रिकामीच राहणार. जर्मनीला सतरा वर्षे लागली. आपल्या हाती दहा-अकराच आहेत, आणि त्यांतले पहिले या दिवाळीनंतरच्या रविवारी परभणीत सुरू होऊ शकते.